कसरत, तालीम आणि औंधचा राजा

नववीच्या मुलांची सहल औंधला नेली होती. यमाईच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय बघून झालं. रविवर्म्याची चित्रं, हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प, सगळं पाहून मुलं दमली आणि डबे उघडून बाहेर सावलीत बसली. मुलांना गप्प बसवायचा माझ्याकडे एकच उपाय आहे, गोष्ट. म्हणून मी त्यांना हे संग्रहालय उभारणाऱ्या राजाची गोष्ट सांगू लागलो. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, आणि रोज सूर्यनमस्कार घालायचे. स्वतः तर घालायचेच, पण संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सक्तीचे केले होते.

एका मुलीने चपातीचा घास हातातच धरून विचारलं, “सर, म्हणजे आम्ही तेव्हा इथल्या शाळेत असतो तर आम्हालाही घालावे लागले असते?”

“नियम तोच होता,” असं म्हणून मी विषय बदलला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला विषय बदलायची सवय चांगली असते. पण परतीच्या गाडीत तो प्रश्न माझ्या शेजारीच बसून होता. हा लेख त्या मुलीला तेव्हा न दिलेल्या उत्तराचा आहे.

आधी राजाची ओळख. औंध हे लहान संस्थान, आणि तेही सलग नव्हे, तुकड्या-तुकड्यांचं. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात गेले, आणि गुणदाळचा भाग तर विजापूरकडे, कर्नाटकात. भवानरावांचा जन्म १८६८ चा. ते बी.ए. झालेले होते, त्या काळच्या राजेलोकांत ही गोष्ट रोजची नव्हती. १९०९ मध्ये गादीवर आले, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन दिली ती यांनीच, तिथे किर्लोस्करवाडी झाली. पंडित सातवळेकरांना औंधात आसरा दिला तोही यांनीच. साने गुरुजी गरीब विद्यार्थी म्हणून याच औंधच्या शाळेत शिकायला आले होते. एवढ्याशा संस्थानाने महाराष्ट्राला किती माणसं दिली याचा हिशेब स्वतंत्रच मांडावा लागेल.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळांना वाटतं की सूर्यनमस्काराची ही शाळेतली कवायत ऋषिमुनींपासून अशीच चालत आली. काहींना ती समर्थ रामदासांची देणगी वाटते. नमस्कार घालायची रीत जुनी आहे, यात वाद नाही. मारुतीच्या देवळांत आणि तालमींत ती होतीच. पण वर्गाच्या वर्ग रांगेत उभा करायचा, ठरलेल्या टप्प्यांत, आकडा लावून, आरोग्याच्या नावाने नमस्कार घालून घ्यायचे, हा प्रकार विसाव्या शतकातला आहे आणि त्याचा मोठा धागा औंधमधून निघतो. त्या धाग्याचं दुसरं टोक तर थेट लंडनला पोहोचतं.

राजेसाहेब तरुण असताना त्यांच्या डोक्यात मारुती नव्हता, सँडो होता. युजेन सँडो, प्रशियात जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये नाव कमावलेला पिळदार शरीराचा माणूस. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची सगळी साधनं आणि पुस्तकं विकत घेतली आणि सुमारे दहा वर्षं नेमाने त्याचा व्यायाम केला. पुढे मिरजेच्या राजांच्या आग्रहावरून, १९०८ च्या सुमारास, ते नमस्कारांकडे वळले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

सँडोचं वैशिष्ट्य नुसतं दंडाच्या बेडकुळीत नव्हतं. त्याच्या पुस्तकांत तक्ते असत. कुठल्या वयाने कुठला व्यायाम किती वेळा करायचा, आणि छाती, दंड, मांडी यांची मापं कशी लिहून ठेवायची. माणसाने शरीराची वही ठेवावी ही ती कल्पना. भवानरावांनी सँडोची साधनं सोडली, पण मला वाटतं ती वही सोडली नाही. त्यांच्याही सूर्यनमस्काराच्या पुस्तकात वयाप्रमाणे रोज किती नमस्कार घालावेत याचे आकडे आहेत. नमस्काराचे दहा टप्पे आहेत, प्रत्येकाचा फोटो आहे, श्वास कधी घ्यायचा कधी सोडायचा हे आहे. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत तिथल्या वाचकांपुढे मांडली, आणि १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने पुस्तक काढलं. नाव बघा. आधी दहा टप्पे आणि आरोग्य, सूर्यनमस्कार त्याखाली.

पुस्तकात दावे भरपूर आहेत आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सहकाऱ्याला ते दाखवले तर तो हसेल. पण एक गोष्ट खरी मानावी लागते. साहित्य नको, मैदान नको, पैसा नको, दीड-दोन हात रुंद जागा पुरे. दुष्काळी माणदेशाच्या कडेला वसलेल्या संस्थानाच्या शाळेला याहून परवडणारा व्यायाम कुठला होता? आणि तो त्यांनी मुलींसाठी, बायकांसाठीही तितक्याच आग्रहाने सांगितला. राजघराण्यातल्या बायकाही नमस्कार घालत. आमच्या कित्येक शाळांत आजही पी.टी.च्या तासाला मुली भिंतीला टेकून बॅगा सांभाळतात, त्या पार्श्वभूमीवर हे लक्षात ठेवायला हवं.

आता शब्दांकडे वळतो, तो माझा पेशाच आहे. मराठीत आपण ‘कसरत’ म्हणतो. शब्द अरबी आहे, कस्रत. त्याचा मूळ अर्थ व्यायाम नव्हेच. त्याचा अर्थ पुष्कळपणा, पुन्हा पुन्हा होणं. उर्दूत अजूनही ‘कसरत से’ म्हणजे वारंवार, भरपूर. जे अंग पुन्हा पुन्हा हलवलं ती कसरत. तसंच ‘तालीम’. उर्दू शाळेत तालीम म्हणजे शिक्षण, आणि शाळेबाहेर पडून कोपऱ्यावर वळलं की तालीम म्हणजे लाल मातीचा हौद आणि मारुतीची तसबीर. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा एका मुलाच्या आजोबांना मी विचारलं, पोरगा तालीम नीट घेतो का? ते म्हणाले, “सर, त्याला कुस्तीचा नाद नाही.” आमच्या दोघांचंही बरोबर होतं.

कुस्तीच्या तालमीत मुसलमान पैलवान पिढ्यान्‌पिढ्या दंड-बैठका मारत आले. ‘पैलवान’ हा शब्दच फारसी. कुंडलचं कुस्ती मैदान आजही गाजतं, आणि ते कुंडल औंध संस्थानाचंच गाव. तालमीत गेलेल्या मुसलमान पोराने दंड मारला म्हणून त्याच्या ईमानाला धक्का बसला असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि दंडाची आणि सूर्यनमस्काराची अंगाची हालचाल बरीचशी सारखी आहे. मग भांडण कशाचं?

भांडण मोजण्याच्या पद्धतीचं आहे, असं मला आता वाटू लागलं आहे. दंड मोजतात एक, दोन, तीन. सूर्यनमस्कार मोजतात नावांनी. मित्र, रवी, सूर्य, भानू, असं करत भास्करापर्यंत बारा नावं, प्रत्येकाच्या आधी ॐ आणि शेवटी नमः. बारा नावं संपली की बारा नमस्कार झाले. नाव हाच आकडा आणि नाव हीच प्रार्थना. भवानरावांसाठी मंत्र ही वरची सजावट नव्हती. त्या उच्चारांनी शरीराला फायदा होतो असं ते मानत आणि तसं त्यांनी लिहिलं. म्हणून ‘अहो, हा नुसता व्यायाम आहे, धर्माचा काय संबंध’ असं जे आपल्याला सांगतात त्यांनी राजेसाहेबांचं पुस्तक वाचावं. आणि ‘हे सगळं निव्वळ पूजापाठ आहे’ असं जे आमच्यातले काही सांगतात त्यांनीही वाचावं, म्हणजे सँडो भेटेल.

इतर वाचकांसाठी एक वाक्य. मुसलमानाचा आक्षेप सूर्यावर नाही, वाकण्यावरही नाही. अल्लाहशिवाय कुणापुढे उपासनेच्या भावाने वाकायचं नाही, हा त्याच्या श्रद्धेचा पहिला पाया आहे. त्या जागी तडजोड मागितली की तो बिचकतो. यात देशद्रोह शोधू नये.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न अनेकदा वर आला. २०१५ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या आधी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने आक्षेप घेतला. त्या दिवसाच्या सामूहिक कार्यक्रमात सूर्यनमस्कार ठेवले गेले नाहीत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने पालिकेच्या शाळांत योग आणि सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव केला आणि सभागृहात गदारोळ झाला. २०२२ च्या जानेवारीत स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त ७५ कोटी सूर्यनमस्कारांचा उपक्रम आला, पुन्हा बोर्डाचं पत्रक आलं. ७५ कोटी! सँडोची वही केवढी मोठी झाली पाहा.

या वादात दोन्ही बाजूंना एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे मुलं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की ५ ते १७ वयाच्या मुलाने रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनत करावी. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची शंभरातली ८१ मुलं तेवढीही हालचाल करत नव्हती. भारतात हा आकडा ७४ च्या आसपास होता, आणि मुलींचा मुलांपेक्षा जास्त. आमच्या वस्तीतल्या मुली वयात आल्या की शाळा, घर, अरबीचा क्लास आणि पुन्हा घर. त्यांनी कुठे पळायचं? सूर्यनमस्कार नको म्हणणाऱ्या बैठकांना मी गेलो आहे. मग त्याऐवजी आपल्या मुली काय करतील, हा प्रश्न तिथे कुणी काढला नाही. मीही काढला नाही, हेही लिहून ठेवतो.

मोजणं हा उपाय आहे का? आजकाल तोच सांगितला जातो. मनगटावर पट्टा बांधा, पावलं मोजा. याचीही एक गंमत आहे. रोज दहा हजार पावलं हा जो आकडा सगळे म्हणतात, तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. विक्रीसाठी दिलेलं नाव पुढे जगाचा नियम होऊन बसलं. आपल्याकडे २०१९ मध्ये फिट इंडिया मोहीम सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं अॅप आलं, त्यातही पावलं मोजायची सोय आहे.

आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने असे स्वस्तातले वीस पट्टे दिले. पहिले दहा दिवस काय उत्साह! मुलं जिन्यावरून मुद्दाम वर-खाली करत होती. फळ्यावर रोज आकडे लिहिले जात होते. तिसऱ्या आठवड्यात एकाचे बावीस हजार झाले. चौकशी केली तर कळलं की तो पट्टा त्याने गच्चीवरच्या पंख्याला बांधला होता. दुसरा बसल्या जागी मनगट हलवत टीव्ही बघत होता. ज्या दोन मुलींचे आकडे रोज सर्वांत खाली असायचे, त्यांनी महिनाभरात पट्टे आणून माझ्या टेबलावर ठेवले. “सर, आमचं नाव फळ्यावर नको.” त्यांचा काय दोष? त्यांना घराबाहेर पडायला परवानगी नव्हती आणि आम्ही ते रोज फळ्यावर लिहून जाहीर करत होतो.

नंतर वाचलं की हे फक्त आमच्याकडचं नव्हे. इंग्लंडमध्ये शार्लट कर्नर आणि व्हिक्टोरिया गुडइयर या दोन संशोधक बाईंनी १३-१४ वर्षांच्या शंभर मुला-मुलींना आठ आठवडे फिटबिट घालायला देऊन पाहिलं. २०१७ मध्ये त्यांचा निबंध आला. व्यायामाची आतून वाटणारी ओढ वाढण्याऐवजी कमी झाली होती. नव्याची नवलाई ओसरली आणि मागे तुलना आणि दडपण उरलं. तो निबंध वाचताना मला माझा फळा दिसत होता.

मोजणं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. मुसलमानाने तर म्हणूच नये. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज रकात किती? दोन, चार, चार, तीन, चार, मिळून सतरा. नमाजनंतरची तसबीह तेहेतीस, तेहेतीस, चौतीस. आता तर बोटात घालायची डिजिटल तसबीह आली आहे, बटण दाबलं की आकडा पुढे जातो. आमच्या मोहल्ल्यात ती दहावीच्या पोरांच्याही बोटात दिसते. (इथे एक कुरबुर. नमाज हाच उत्तम योग आहे, सजद्याने मेंदूला रक्त मिळतं, असे जे संदेश फिरतात ते मला पटत नाहीत. नमाज ही इबादत आहे. तिला व्यायामाचं प्रशस्तिपत्र कशाला हवं? आणि हाच न्याय मी शेजाऱ्याच्या प्रार्थनेलाही लावतो.) तर मोजणं आमच्या हाडात आहे. पण तसबीहचा आकडा कुणी फळ्यावर लिहीत नाही. तो माझा आणि माझ्या रबचा.

आता पुन्हा औंध. त्याच राजाची दुसरी गोष्ट मी मुलांना त्या दिवशी सांगितली नव्हती, ती सांगायला हवी होती. १९३८ च्या नोव्हेंबरात भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं आणि १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू केली. गावपंचायती हा तिचा पाया. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर यांचा त्यात मोठा वाटा होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी, भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरून सुचला, आणि त्याची कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानातले, माडगूळचे.

माझ्या मनात हे दोन राजे एकमेकांशेजारी उभे राहतात. एक राजा खुन्यावर विश्वास टाकतो आणि त्याच्या कोठडीचं दार काढून टाकतो. दुसरा राजा दहा वर्षांच्या पोरावर विश्वास टाकत नाही, त्याला नमस्कार सक्तीचे करतो. माणूस एकच. म्हाताऱ्या राजाला स्वतःच्या अनुभवावर इतकी श्रद्धा होती की जे मला लाभलं ते सर्वांना लाभलंच पाहिजे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं. वाईट हेतूची सक्ती ओळखायला सोपी असते. ही नव्हती. म्हणून तिच्याबद्दल बोलायला जड जातं. त्यांचं स्वतःचं म्हणाल तर ते १९५१ मध्ये वारले, वयाच्या ८३ व्या वर्षी. त्या काळच्या मानाने नमस्कार त्यांना लाभले असंच म्हणायला हवं.

आपल्या देशाच्या राज्यघटनेने पुढे यावर बरंच स्पष्ट सांगितलं. कलम २८ प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणाला धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकाची संमती लागते. सूर्यनमस्कार उपासना आहे की नाही यावर वकील वाद घालतील. मला वाटतं, मंत्रासह घातला तर घालणाऱ्यासाठी ती उपासना आहे आणि त्याला ती मनोभावे करू द्यावी. मंत्राशिवाय, एक-दोन-तीन मोजून घातला तर ते आपल्या तालमीतल्या दंडाचं भावंड आहे, आणि माझ्या मुलांपैकी कुणी तो घातला तर मी फतवा विचारायला जाणार नाही. पण एखादीने मान हलवून नाही म्हटलं, तर तिला कारण विचारू नये. तिला दुसरी कसरत द्यावी आणि तिचाही तास भरावा. ‘मुसलमान मुलींना बसू द्या’ असं म्हणून तो तास मोकळा सोडला जातो, तो मला सक्तीइतकाच सलतो.

सहलीनंतर त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं, इतकं लांबलचक नाही. ती म्हणाली, “मग सर, मी तेव्हा असते तर राजाला सांगितलं असतं, नमस्कार नको, मी पळते.” मी विचारलं, कुठे पळशील? तिने जरा विचार केला आणि म्हणाली, शाळेच्या मागच्या पटांगणात, सातच्या आधी, मुलं यायच्या अगोदर.

आता त्या पटांगणात सोमवार ते गुरुवार अकरा मुली पळतात. चौकीदारमामा सहाला फाटक उघडतात, आमच्या गणिताच्या मॅडम सोबत थांबतात. त्यांच्यापैकी दोघींच्या घरी मला तीन-तीनदा चहा प्यावा लागला, तेव्हा कुठे होकार आला. पट्टे कपाटात आहेत. कुणाला हवा असेल तर मागून घेते, आकडा आपल्याच वहीत लिहिते आणि वही घरी नेते. मी ती बघायला मागत नाही. ज्यांनी पट्टे परत केले होते त्या दोघींपैकी एक येते. दुसरी अजून आलेली नाही, तिच्या अब्बांकडे या रविवारी पुन्हा जायचं आहे.